वळ न उठणाऱ्या गाठी

सातारा,
ता. ३ ऑक्टोबर १९४७

अण्णा,

तुझं क्षमावणीचं पत्र काल आलं. दशलक्षण पर्व संपलं की तू अख्ख्या भावकीला एकच मजकूर धाडतोस, कळत नकळत मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. तोच मलाही धाडलास. बहिणीशी बोलणं टाकलंस, पण क्षमेतून वगळलं नाहीस, हे बरं केलंस. मात्र त्याखाली जे लिहिलंयस ते भावकीत दुसऱ्या कुणाला लिहिलं नसशील. "तू माझी क्षमा मागू नकोस. ज्या मुक्या जिवांना खुर्चीला बांधतेस त्या माकडांची माग. आप्पा असते तर त्यांनी तुला उंबरा चढू दिला नसता."

नाही मागत, जा. तुझीही नाही आणि माकडांचीही नाही. तुझ्या लेखी माझे गुन्हे मला पाठ आहेत. आप्पांच्या पैशावर सांगलीच्या कॉलेजात बी. एस्सी. केलं, निपाणीच्या तंबाखूवाल्यांचं स्थळ मोडलं, आणि जैनाची लेक असून साताऱ्यात डॉक्टर सबनीसांच्या प्रयोगशाळेत जनावरांच्या डोक्याला तारा चिकटवते. सगळं खरं. माकडं बांधते हेही खरं. त्याचं पाप लागायचं असेल तर मला लागेल, तू कशाला वाटेकरी होतोस?

पण अण्णा, तुझ्यात नि माझ्यात फरक दाखवायच्या नादात तू खाली एक ओळ लिहून गेलास. ती मी किती वेळा वाचली असेल. "आक्काताईला आम्हालाही बांधावं लागलं, पण तुझ्यासारखं नव्हे. जुन्या लुगड्याच्या मऊ धडप्यानं बांधतो. श्रावणापासून तिच्या अंगावर एक वळ उठू दिलेला नाही, आणि आता ती अगदी शांत झाली आहे."

आक्काताईला, माझ्या वहिनीला बांधलंय? श्रावणापासून? पंधरा ऑगस्टला आष्ट्याच्या चावडीवर झेंड्याची दोरी तू ओढलीस म्हणे, तेव्हा बायको मागच्या खोलीत बांधलेली होती? आणि मला बाळ झाल्याचं पेढ्यासकट कळवलंस, हे मात्र क्षमेच्या पत्रात, जाता जाता!

मला राग आलाय. शांत म्हणजे कशी शांत, ते सविस्तर लिही. हाक मारली तर मान वळवते का? माशी बसली तर हाकलते का? मला उलट टपालानं उत्तर पाहिजे.

पद्मावती


सातारा,
ता. १४ ऑक्टोबर १९४७

अण्णा,

उत्तर दिलंस, चार पानं दिलीस, त्यातली तीन माझ्या उद्धटपणावर. ती ठेवली बाजूला.

चौथं पान मात्र समोर उलगडून ठेवलंय. बाळंतपणानंतर वहिनी झोपेना, जेवेना, आपल्याशीच बोलायची. एके दिवशी बाळाला घेऊन मळ्यातल्या विहिरीच्या काठावर उभी दिसली, पाय अगदी कडेला. आईनं मागून जाऊन मिठी घातली. तू विचारतोस, "काय करायला पाहिजे होतं? दोघांना पडू द्यायचं होतं?" नाही रे बाबा. धरलंत ते उत्तम केलंत. आई तिथं नसती तर आज कोण कुठं असतं कुणास ठाऊक. मी तुझं भय खोटं म्हणत नाही. पण ते भय ओसरायला नको का कधी? दसरा आला तरी हात बांधलेले, आणि तू लिहितोस, सकाळ-संध्याकाळ आई बाळाला तिच्या छातीशी धरते आणि पाजून झालं की काढून घेते. म्हणजे तिनं आपलं लेकरू दोन महिन्यांत हातात घेतलेलं नाही!

तुला माझं काम पाप वाटतं, पण त्या कामात मी काय बघितलं ते ऐक. लढाई संपल्यावर अमेरिकनांनी टाकून दिलेलं एक यंत्र डॉक्टरांनी लष्करी डिस्पोजलच्या लिलावात घेतलं. मेंदूत बारीक वीज चालते, ती हे यंत्र कागदावर शाईच्या रेघांनी उमटवतं. माकड जागं असलं की रेघ बारीक आणि भरभर धावते. झोपेला आलं की मोठ्या, संथ लाटा. आता माकड काही रेघा उमटून होईस्तोवर एका जागी बसायचं नाही, म्हणून खुर्ची. मानेभोवती फळी, कमरेला पट्टा, सगळीकडे आतून लोकर लावलेली. आमच्याकडेही वळ उठत नाही अण्णा. डॉक्टर त्याबाबतीत तुझ्याइतकेच दक्ष आहेत.

एक मादी आहे. माकडांचं खाणंपिणं बघणारा धुळा म्हणून एक धनगर आहे, त्यानं तिचं नाव दगडाबाई ठेवलंय. त्याच्या सासूचं नाव ते. पहिल्यांदा बसवलं तेव्हा दगडाबाईनं खुर्ची डोक्यावर घेतली, चीं चीं करून घसा बसवला. मग हळूहळू थंड झाली. दिवसभर डोळे उघडे ठेवून बसायची, ना आवाज ना चाळा. धुळा म्हणाला, "माज्या सासूला एवढं गप बसवून दावा, मग मानतो तुमच्या डाक्टरला." डॉक्टर खूश. म्हणाले, "पद्मावतीबाई, रुळलं हो जनावर. किती स्वस्थ बसलंय पाहा."

रुळलं? मी कागद बघितला. डोळे टक्क उघडे आणि रेघा डुलकीच्या! मी कानाशी टाळी वाजवली, मान हलली नाही. शेंगा दाखवल्या, बघितल्या न बघितल्यासारखं केलं. डॉक्टर म्हणाले, माकडाची घडणच अशी असेल. मी म्हटलं, मग मोकळी सोडून बघू. माझ्या हातानं मी दगडाबाईला एक टोपडं शिवलं, बाळाला शिवतात तसं, तारा त्याच्या आतून घेतल्या आणि छताच्या आकड्यावरून लांब सोडल्या. दोनदा तिनं ते टोपडं ओरबाडून काढलं, तिसऱ्यांदा राहिलं. पिंजऱ्यात मोकळी बसली आणि लगेच रेघ बारीक, भरभर. तेच माकड, तोच मेंदू. पुन्हा खुर्चीत घातलं की थोड्या वेळानं पुन्हा त्या लाटा. डॉक्टरांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी पसरले.

सगळ्या माकडांचं असं होत नाही, तेही सांगते. एक नर शेवटपर्यंत पट्टा चावत राहिला. एक खरोखरच रुळलं, खुर्चीत बसून शेंगा मागतं. पण दगडाबाईसारखी जी होतात ती बघणाऱ्याला सगळ्यात शहाणी वाटतात. तू वहिनीबद्दल लिहिलंस, "जिथं बसवावी तिथं बसते, भरवलं तर खाते, माशी बसली तरी कळत नाही." अण्णा, ही शांती मी रोज कागदावर बघते. तिला सोड.

पद्मावती


सातारा,
ता. २७ ऑक्टोबर १९४७

अण्णा,

"माणूस म्हणजे माकड नव्हे. वहिनीची तुलना जनावराशी करताना तुझी जीभ झडली कशी नाही?" झडली नाही, अजून शाबूत आहे, आणि हात तर त्याहून.

बरं, माणूस म्हणजे माकड नव्हे. म्हणून परवाच्या रविवारी मी स्वतः बसले.

डॉक्टर आधी नाही म्हणाले. मी म्हटलं, मग मी तुमची नोकरी सोडते, टोपडी शिवायला दुसरी बघा. तेव्हा तयार झाले. एक साधी लाकडी खुर्ची घेतली. माझंच जुनं लुगडं फाडून धडपी केली, म्हणजे तुझ्या घरच्यासारखीच मऊ. बांधायला धुळाला बोलावलं तर त्याच्या डोळ्यांत पाणी. "बाई, माज्या हातनं ह्ये करून घिऊ नगा. आई म्हनंल, बाईमानसाला बांधलंस व्हय रं." त्याला रागावून बांधायला लावलं. डोक्याला तारा लावून सकाळी बसले, संध्याकाळपर्यंत बसायचं ठरलं. बांधलेलं कुठंही दुखत नव्हतं. घोटभर पाणी धुळा पाजायचा, खाणंही तोच भरवायचा.

सकाळभर मी डॉक्टरांशी हुज्जत घातली. नाक खाजलं तर हसू आलं. मग राग आला, इतका की तुला शिव्या दिल्या, मोठ्यानं, धुळादेखत. दुपारनंतर राग गेला आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. डॉक्टर आणि धुळा माझ्यासमोर बोलत होते, ते शेजारच्या घरात बोलल्यासारखं ऐकू येत होतं. ओठावर माशी बसली. कळलं मला, पण हाकलायला हात नाही म्हटल्यावर फुंकरही मारावीशी वाटली नाही. धुळा "बाई, बाई" करत होता आणि मला वाटत होतं, कुठल्या बाईला हाक मारतोय हा?

कागदावर दगडाबाईच्याच लाटा उमटल्या, त्या मी बघितल्या. डॉक्टरांनीही बघितलं. मला संध्याकाळी सोडणार हे ठाऊक होतं, अण्णा. मी बी. एस्सी. आहे, यंत्र कसं चालतं ते मला माहीत आहे, बांधणाऱ्याला मीच रागावून बांधायला लावलं होतं. तरी एका दिवसात ही गत. वहिनीला कोण सांगतंय कधी सोडणार ते?

सोडल्यावर काय झालं ते मी लिहिणार नाही.

तुला वाटतं, आपल्या घरात पाणी गाळून पितात, दिवस मावळायच्या आत जेवतात, मुंगी दिसली तर पाय उचलतात, मग आपल्या हातून हिंसा कशी होईल? दोरखंड नको, वळ नको, गाठीखाली कापसाची घडी. आणि एकदा वळ उठला नाही की सगळ्यांना रात्री झोप लागते. ही चूक आपल्यासारख्यांच्याच घरात होते रे. दुसऱ्या कुणी दोरखंडानं बांधली असती तर निदान तिचं मनगट बघून शेजारीण तरी ओरडली असती.

तू तिला भाऊबीजेच्या आत सोड. नाही सोडलीस तर मी येईन.

पद्मावती


सातारा,
ता. ८ नोव्हेंबर १९४७

अण्णा,

"उंबऱ्यात पाऊल टाकलंस तर माझ्याशी गाठ आहे." वाचलं.

भाऊबीजेला येते. ताट मी आणीन. भाऊबीजेला आलेली बहीण दारातून परत लावायची असेल तर खुशाल लाव, भावकी बघायला जमेलच. ओवाळणीत लुगडं घेऊ नकोस. मला काय पाहिजे ते तुला ठाऊक आहे.

आईला सांग, बेसनाचे लाडू करू नकोस म्हणावं, मला पित्त होतं.

पद्मावती


सातारा,
ता. २० नोव्हेंबर १९४७

अण्णा,

तू पाटावर बसलास. मी ओवाळलं. तू ताटात लुगडं ठेवलंस, मी ते काढून तुझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, "वहिनी दे." तू उठलास, चप्पल घातलीस आणि मळ्यात निघून गेलास. तू "नाही" म्हणाला नाहीस, हे मी धरून ठेवलंय. पुढचं तुला कुणी नीट सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते.

आई मागच्या खोलीच्या दारात उभी होती. मला वाटलं, अडवणार. ती म्हणाली, "सोड बाई. रोज सकाळी ती गाठ माज्याच हातनं मारतीया मी. आता माज्यानं हुईत न्हाई." आणि पदर तोंडात कोंबून रडली. आईला दोष देऊ नकोस. दिलास तर मला कळेल.

गाठी सोडल्या. वहिनी हलली नाही. हात मांडीवर, मनगटं एकावर एक, बांधल्यागत. आई घाबरली. म्हणाली, "बगितलंस? मोकळी केली तरी तशीच. गेली गं माजी सून." मी म्हटलं, थांब, आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसले.

त्या रविवारचं मी लिहिलं नव्हतं, ते आता लिहिते. मला सोडलं तेव्हा मीही अशीच बसून राहिले होते. धुळा म्हणत होता, "बाई, सुटलासा, उठा," आणि मला कळत होतं की सुटले, पण उठायचं कुणी ते कळत नव्हतं. तेव्हा कुणी मला ओढून उभं केलं असतं तर मी त्याला चावले असते. म्हणून मी वहिनीला ओढलं नाही, हाक मारली नाही, हाताला हातही लावला नाही. नुसती बसले. मला लय भ्या वाटत होतं, तुझ्यापुढं कबूल करायला कसली लाज. ही अशीच राहिली तर? विहिरीकडे धावली तर?

उन्हं परसात गेली तेव्हा तिनं एक हात उचलला आणि कपाळावरचे केस मागं सारले. इतकंच. आई "अरिहंता" म्हणून खाली बसली. मग वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, "पदमावन्सं, तुमी कवा आला?" घोगरा आवाज, माझ्या ओळखीचा नव्हता. मी म्हटलं, सकाळी. ती म्हणाली, "च्या घेतला का?" अण्णा, मी त्या माऊलीच्या मांडीवर डोकं ठेवून रडले.

बाळ मागितलं नाही तिनं. मी दिलं नाही. आईजवळच गाईच्या दुधावर राहू दे म्हटलं, कारण तुझं भय माझ्याही पोटात होतं. हे मी लपवत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही इस्लामपूरवरून कराड आणि कराडवरून सातारा, सर्व्हिस मोटारीनं आलो. पळवून आणलेली नाही. दिवसाढवळ्या, चावडीवरून चालत, मोटारीत पुढच्या बाकावर बसवून आणली. कुंडलला तिच्या भावाला, आदगोंडाला, कळवलंय. त्याचं उत्तर आलं, "दिल्या घरचं दिल्या घरी बघा." म्हणजे माहेरही तुझ्याच बाजूनं. ठीक आहे, मी आहे.

डॉक्टरांनी तिच्या डोक्याला तारा लावू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, लावून बघा, मग तुम्हाला धुळाकडून बांधून घेते. पुन्हा विचारलं नाही. आणि हो, खुर्चीतल्या रेघांना माकडाची नैसर्गिक अवस्था म्हणायचं नाही, हे आता ते स्वतःच आपल्या निबंधात लिहिताहेत. माझं नाव घालणार नाहीत बहुतेक. न घालोत.

पद्मावती


सातारा,
ता. ११ जानेवारी १९४८

अण्णा,

तुझी दोन पत्रं आली. पहिल्यात पंच बसवतो, बाळाचं तोंड दाखवणार नाही. दुसरं आठ दिवसांनी, वेगळ्या अक्षरात असल्यासारखं. "ती बरी झाली असेल तर पाठवून दे. बाळ आता पालथं पडतं." पहिलं पत्र मी चुलीत घातलं.

बरी झाली, असं मी लिहिणार नाही. इथली डॉक्टरीणबाई औषध देते, त्यानं झोप लागते; तिच्याच सांगण्यावरून वहिनी आटू नये म्हणून रोज दूध पिळून काढते. जेवते. चार दिवस बरे, एखादा दिवस जुना, भिंतीकडे बघत बसते, आणि मी टाळी वाजवत नाही, शेजारी शेंगा सोलत बसते. माकडांच्या पिंजऱ्यापाशी जाते. दगडाबाई आता खुर्चीत जात नाही, मी जाऊ देत नाही. बाकीची माकडं अजून बसतात, तेही सांगते, मी काही देवी झालेली नाही. टोपडं घालून जेवढं होतं तेवढं मोकळ्यावर करतो, नाही होत तिथं खुर्ची. त्याचं पुढं बघू.

इथंही परसात विहीर आहे. मी तिच्यावर फळ्या टाकलेल्या नाहीत. आठवड्याभरातच वहिनीला म्हटलं, पाणी शेंदायला चला. तुला वाचताना जसं होतंय तसंच मला तिच्यामागं उभं राहताना झालं. तिनं घागर वर घेतली, रहाटाची दोरी नीट गुंडाळली. तेव्हा मी विचारलं, "वहिनी, त्या दिवशी उडी मारणार होता का?"

ती विचार करून म्हणाली, "त्या दिवसाचं ठावं न्हाई, वन्सं. पोर रडत हुतं, माजं मलाच कळत नव्हतं कुटं चाललीया. पर बांदल्यापास्नं रोज वाटायचं, मारावी."

हे मी तुला दुखवायला लिहीत नाही. दुखलं तर दुखू दे.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. सगळं, "बाळ पालथं पडतं" इथपर्यंत. ती उठून आत गेली. मला वाटलं, आज जुना दिवस. थोड्या वेळानं तोंड धुऊन बाहेर आली आणि म्हणाली, "लिवा, मी सांगती." आता खालचं तिचं आहे. मी एक अक्षर इकडचं तिकडं केलेलं नाही.

"आवं, मी बोलतीया. पदमावन्सं लिवत्यात.

मी न्हाई येनार. मला धाडून द्या म्हनू नगासा. तुमीच या. पोराला घिऊन या. तुमच्या आईस्नी, आत्याबाईंस्नी आना, भावकीतलं कोन आनू नगा. हितं परसात हीर हाय, तुमास्नी येता येताच दिसंल. तिच्याकडं बगत बसू नगा.

मी सोप्यात बसलेली आसंन. पोराला माज्या हातात तुमी सोता द्या. आत्याबाईंनी न्हाई, तुमी. दिल्यावर हात काडून घ्या. माज्या मागं हुबं ऱ्हाऊ नगा, म्होरं बसा, मला दिसंल आसं. तुमास्नी भ्या वाटंल. मलाबी वाटंल. वाटू द्या.

वाटंत पोर भुकंल. मी त्याला घिऊन पाजीन. त्येचं पोट भरंस्तवर तुमी हात मांडीवर ठिवून गप बसा."